आपला, कंबर चोवीस

थोरला सव्वानऊला आला आणि दुकानाच्या पायरीवर अडला. एकतीस वर्षांत ही पायरी त्याने चारदा चढली होती. एकदा बापाला शेवटचा निरोप द्यायला, दोनदा आई आजारी होती म्हणून, आणि चौथ्यांदा गेल्या वर्षी, त्या एका इंचाचं कबूल करायला. आज त्याच्या मागे बायको उभी होती आणि तिच्या हातांत थर्मास, डबा, छत्री आणि नवऱ्याचा स्वेटर एवढा संसार होता.

"अहो, आत जाताय की मी इथेच चहाचं दुकान मांडू?"

तो आत गेला.

दुकान चालू होतं. निकालाच्या दिवशी तरी शटर अर्धं ओढून घेऊ, असं त्याच्या धाकट्या बहिणीने, छोटीने, सुचवून पाहिलं होतं, पण आईने ते उडवून लावलं होतं. बँडवाल्यांचे बारा कोट शुक्रवारी द्यायचे होते, आणि जगाच्या कोर्टाचा निकाल लागला म्हणून काजं आपोआप होत नाहीत, असं तिचं म्हणणं. एक्क्याऐंशीची आई खिडकीशी उंच स्टुलावर बसून तीच करत होती.

"आलास?" तिने वर न बघता विचारलं.

"आलो."

"बस. अस्तरावर बसू नकोस."

अस्तराचे दोन तागे कटिंगच्या टेबलावर एकावर एक रचून त्यावर रेडिओने आपला कॉम्प्युटर मांडला होता. रेडिओ म्हणजे थोरल्याची मुलगी. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून तिचं तोंड बंद झालं नव्हतं, म्हणून हे नाव. पुढे ती चार भाषा शिकून दुभाषी झाली आणि बडबडीचा पगार घ्यायला लागली. आज ती फुकट बोलणार होती. दहाच्या ठोक्याला परदेशातल्या त्या दालनात न्यायाधीशबाई निकाल वाचायला घेणार, आणि रेडिओ तो इथे वाक्यावाक्याने सांगणार.

मामला असा होता. शहराबाहेरच्या साबणाच्या कारखान्यात त्या काळी माणसं डांबत. डोळे बांधून नेत, डोळे बांधूनच ठेवत. दीडशेच्या वर आत गेली, अकरा बाहेर आली. या घरातला मधला, वय अठरा, आत गेला तो गेलाच. मग सरकार बदललं, नव्या सरकारने माफीचा कायदा केला आणि इथल्या कोर्टाने फाइल बांधून माळ्यावर टाकली. कारखान्याचा कमांडर परदेशात दुसऱ्याच नावाने रोपवाटिका चालवत सुखाने म्हातारा झाला. चार वर्षांपूर्वी त्याला तिथे उचललं आणि पुष्कळ देशांनी मिळून उभ्या केलेल्या न्यायालयापुढे आणलं. आई त्याला जगाचं कोर्ट म्हणे. कमांडरचं पालुपद एकच होतं, की मी त्या कारखान्यात कधी पाऊलही टाकलेलं नाही. आणि सुटून आलेल्या अकराही जणांनी आवाज ऐकला होता, चेहरा कोणी पाहिला नव्हता.

ज्याने चेहरा पाहिला होता, आणि चेहऱ्याखालचा सगळा माणूस मोजला होता, तो या दुकानाचा मालक. तो वारला त्याला पंचवीस वर्षं झाली. मागे राहिली त्याची मापांची वही, आणि वहीत एक पान.

पानावर दोन ओळी होत्या. पहिली: "साहेब. साबण कारखाना. छाती एक्केचाळीस, कंबर छत्तीस, बाही पंचवीस, डावा खांदा उतरता." वर तारीख. खाली दुसरी, बारीक अक्षरात: "आपला. कंबर चोवीस, लांबी साडेएक्केचाळीस."

छोटीने ती वही माळ्यावरून काढली, कोर्टापर्यंत पोचवली आणि स्वतः साक्षीला उभी राहिली. कमांडरच्या वकिलाने तिला दीड तासात गप्प केलं. त्याने लष्कराच्या डॉक्टरांचा जुना कागद काढला. छाती चाळीस, कंबर पस्तीस, बाही चोवीस. खांदा उतरता असेल, खांदे हजारोंचे उतरतात. पण एकही माप जुळत नव्हतं, सगळीच्या सगळी बरोबर एका इंचाने चुकत होती. "तुमच्या वडिलांना मोजता येत होतं ना?" त्याने विचारलं. वयाच्या चौदाव्या वर्षापासून छोटी वडिलांकडे शिवण शिकली, पण तिच्या हाती कायम नवी टेप होती.

उत्तर होतं थोरल्याकडे. त्या दिवशी जेवताना रेडिओने सगळं ऐकवलं आणि त्याच्या हातातला घास तिथेच राहिला.

नऊ वर्षांचा असताना त्याला टेपच्या टोकाची पितळी पट्टी हवी होती. शिटी करायची होती. त्याने बापाची मोठी कात्री घेतली आणि एकच्या आकड्यापाशी टेप कापली. संध्याकाळी बापाने ते टोक उजेडात धरून निरखलं. "कापलीस ती कापलीस," तो म्हणाला, "पण बरोबर रेघेवर कापलीस." स्वतःसाठी नवी टेप काही त्याने घेतली नाही. टोकाला दोरा गुंडाळला आणि तीच वापरत राहिला. चाळीसची छाती वहीत एक्केचाळीस लिहिली जायची, आणि कापडही त्याच टेपने एक्केचाळीस मोजून कापलं जायचं, म्हणजे खरं चाळीसच. कोट अंगावर चपखल बसायचे. वही खोटी आणि कोट खरे, हे दुकानात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक ती टेप गळ्यात घेऊनच गेला.

दुसरा पुढे जमीन मोजणीच्या खात्यात लागला. रोज सकाळी कामाआधी तो आपली टेप ऑफिसातल्या प्रमाण पट्टीला लावून तपासायचा. सहकारी हसायचे.

इतकं साधं सांगायला त्याला चार दिवस लागले, कारण सांगायचं तर दुकानात यावं लागणार होतं. बावीस वर्षांचा असताना तो याच टेबलाशी बापावर ओरडला होता, "ज्यांनी आपलं पोर नेलं त्यांचे कपडे शिवणार तुम्ही?" बाप कापडावर खडूने रेघा मारत राहिला होता. थोरला घर सोडून गेला. पुढे तीस वर्षांनी वहीतलं पान त्याला कळलं तेव्हा लाज आणखी वाढली, आणि लाज वाढली की तो लांब राही. तो स्वभावच होता त्याचा.

"कोटांचं कोर्टाने काय केलं असेल?" त्याने आता छोटीला विचारलं. "बाही लोंबून लांबते. कापड आटतं. एकतीस वर्षं म्हणजे..."

"दादा, तू धीर द्यायला आलायस की घाबरवायला?"

"मी फक्त म्हणतोय, की मोजमापात चूक धरावी लागते."

"धरली असेल त्यांनी. नाहीतर तू बसलायसच."

आईने दोरा दातांनी तोडला. "भांडा," ती म्हणाली. "दुकानात आवाज हवाच."

*

पावणेदहाला बेकरीवाला आला. हातात बिस्किटांचा पुडा आणि अंगात लग्नातला कोट. कोटाची बटणं आणि काजं यांची गाठ पडणं आता या जन्मी शक्य नव्हतं. बाहीला कोर्टाची कागदी चिठ्ठी अजून लोंबत होती: सात.

वहिनीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. थोरल्याच्या बायकोला घरात सगळे वहिनीच म्हणत, सासूसुद्धा. या घरातलं तिचं काम म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा नाही ते लक्षात ठेवणं, आणि बेकरीवाला त्या यादीत फार वर होता. कारखान्याची गाडी दुकानासमोर पहिल्यांदा थांबली, त्या दिवसापासून त्याने इथे कपडे शिवणं सोडलं होतं आणि गल्लीभर नाव पाडलं होतं: साहेबांचा शिंपी. नाव चिकटलं. सासरे त्या नावानिशीच गेले. तिचं लग्न झालं तेव्हा तिलाही कोणीतरी विचारलं होतं, "त्या साहेबांच्या शिंप्याची सून का तू?"

"चिठ्ठी काढायची राहिली," ती म्हणाली.

"राहिली नाही. ठेवलीय." बेकरीवाला आईकडे वळला. "काकू, निकाल इथे बसून ऐकला तर चालेल?"

"कोट शिवला कोणी?"

"काकांनी."

"मग विचारतोस काय? बस."

थोरल्याने कोर्टात टेपचं सांगितलं तेव्हा कमांडरचा वकील हसला होता. बापाशी आयुष्यभर न बोललेल्या मुलाला ऐन वेळी बरी टेप आठवली, आणि टेप कुठेय तर बापाबरोबर गेली. तेव्हा कोर्टाने सांगितलं की त्या वर्षी या दुकानात शिवलेले, वहीत नोंद असलेले कपडे शोधा. आमचा तज्ज्ञ येऊन, क्रमांकाची चिठ्ठी लावून मोजेल. छोटी वही घेऊन दारोदार फिरली. लोकांनी दारं लोटली, काही लोकांनी कानांवर हात ठेवले. आणि मग एक दिवस हाच बेकरीवाला खांद्यावर कोट टाकून आला होता. त्याच्यामागून दोन दिवसांत आणखी अठरा जण आले, ट्रंकांतून, गाद्यांखालून कोट काढून. कोणी माफी मागितली नाही. कोट आणला, बस्स.

वहिनी मुळात या साक्षीच्याच विरुद्ध होती. नवरा झोपेत दचकतो हे तिला माहीत होतं, आणि परक्या वकिलाकडून त्याचं मातेरं झालेलं तिला बघायचं नव्हतं. पण वकील हसला, त्या दिवशी ती फिरली. त्याने हसायला नको होतं. आमच्या माणसाला हसायचा हक्क आमचा.

"चहा घ्या," ती बेकरीवाल्याला म्हणाली, आणि आपण अगदीच विरघळलो असं त्याला वाटू नये म्हणून कान तुटलेला कप दिला.

"आजी, सगळे उभे राहिले," रेडिओ ओरडली. "न्यायाधीश आले!"

*

पडद्यावर तीन काळे झगे आणि डाव्या कोपऱ्यात काचेमागे एक म्हातारा. छोटी त्याच्या खांद्याकडेच बघत होती. वयाने सगळा देह खाली आला होता, तरी डावा खांदा उजव्याच्या खालीच होता. बाबांनी एका नजरेत टिपलेला खांदा.

आपण हरलो तर काय, हे छोटीला स्वच्छ माहीत होतं. वही फेटाळली तर तो माणूस कारखान्यात नव्हताच, मग तो परत आपल्या रोपांना पाणी घालायला जाईल. मधला कुठे होता ते कोणीच कधी सांगणार नाही. बाबा साहेबांचे शिंपीच राहतील. आणि आई हे सगळं घेऊन जाईल. चौथी गोष्ट मनात आली तशी तिने टेबलावरचा खडू उचलून मुठीत धरला.

रेडिओने सुरुवात केली. कामाचा आवाज लावला की तिचं बोलणं निराळंच व्हायचं, सावकाश आणि सपाट.

"न्यायाधीश म्हणतायत, आरोपीच्या वकिलांनी तीन मुद्दे आधी मांडले होते. एक, फार वर्षं झाली. त्यावर न्यायालय म्हणतं, अशा गुन्ह्यांना मुदत नसते. माणसांना डांबणं, छळणं, मारणं, नाहीसं करणं, आणि ते ठरवून, पद्धतशीर करणं, हा साऱ्या मानवजातीविरुद्धचा गुन्हा आहे."

"बरोबर," आई म्हणाली.

"दोन, त्यांच्या देशाने माफी दिलीय. न्यायालय म्हणतं, ती माफी या न्यायालयाला बांधत नाही."

"हे पण बरोबर."

"आजी, मध्ये बोलू नकोस ना! तीन, वरून हुकूम होता. न्यायालय म्हणतं, हुकूम होता ही सबब नाही. आणि आरोपी जर त्या जागेचा प्रमुख होता, तर त्याच्या हाताखालच्यांनी जे केलं, जे त्याला माहीत होतं आणि त्याने थांबवलं नाही, त्याचीही जबाबदारी त्याचीच." तिने श्वास घेतला. "आता राहिला एकच प्रश्न. आरोपी तिथे होता का?"

बेकरीवाल्याने कप अलगद खाली ठेवला.

"न्यायालयाने मापांच्या वहीचा विचार केला. वहीतली मापं आणि आरोपीच्या वैद्यकीय नोंदी जुळत नाहीत हे खरं आहे. त्याचा खुलासा साक्षीदार क्रमांक चौतीस यांनी केला."

"तो मी," थोरला पुटपुटला.

"माहितीय बाबा. चौतीस यांनी सांगितलं की लहानपणी त्यांनी टेप एका इंचाने कापली होती. आरोपीच्या वकिलांनी हा बनाव आहे असं म्हटलं. न्यायालय..." ती थांबली, कानातलं यंत्र दाबलं. "थांबा, वाक्य मोठं आहे. न्यायालयाने एकोणीस कोट तपासले. एकोणीस घरांतले. त्यातल्या काही घरांचं या कुटुंबाशी बरं नव्हतं, आणि खोटं बोलण्यात त्यांचा काही फायदा नव्हता."

बेकरीवाला खाली बघायला लागला.

"तज्ज्ञाने कापड ताणण्याची आणि आटण्याची सूट धरली."

"धरली!" थोरला एकदम मोठ्याने म्हणाला.

"एकोणीसपैकी एकोणीस कोटांच्या बाह्या वहीतल्या मापापेक्षा एका इंचाने कमी भरल्या. एकोणीसही! आजी, एकही सुटला नाही!" कामाचा आवाज सुटला आणि ती घरच्या आवाजावर आली. "म्हणून न्यायालयाची खात्री झालीय की वहीतली सगळी मापं एका इंचाने जास्त आहेत. तो इंच वजा केला की 'साहेब' नावाच्या नोंदीतलं प्रत्येक माप, उतरत्या खांद्यासकट, आरोपीशी तंतोतंत जुळतं. त्या तारखेला आरोपी साबणाच्या कारखान्यात होता. तिथला प्रमुख होता. त्याने शिंप्याला बोलावून कपडे शिवून घेतले."

छोटीच्या मुठीत खडूचा भुगा झाला होता. तिने दादाकडे पाहिलं. तो रडत नव्हता, पण तोंड उघडंच राहिलं होतं.

"तुझी शिटी झाली का रे शेवटी?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "वाजलीच नाही."

ती हसली, आणि हसता हसता त्याचा हात धरला. खडूने त्याची बाही पांढरी झाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला भाऊ परत मिळाल्यासारखं वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही.

*

आईला यातलं सगळं आधीच माहीत होतं. तो तिथे होता हे सांगायला तिला कोट मोजायची गरज नव्हती. ती दुसऱ्या ओळीसाठी बसली होती.

त्या ओळीचं कोर्टाने पहिल्यांदा भलतंच केलं होतं. त्यांच्या भाषांतरकाराने "आपला" म्हणजे पत्राच्या शेवटी लिहितात तो आपला, असं धरलं. म्हणजे शिंप्याने साहेबाचं माप लिहिलं आणि खाली अदबीने "आपला" म्हणून सही टाकली. कमांडरच्या वकिलाला तेवढंच हवं होतं, बघा, किती सलगी. ते वाचून रेडिओने घर डोक्यावर घेतलं होतं. सही करणारा माणूस स्वतःची कंबर कशाला लिहील, असं तिने कोर्टाला चार पानी कळवलं, आणि कोर्टाने दुसरा भाषांतरकार नेमला होता. पुढे काय झालं ते आज कळणार होतं.

"आता दुसरी नोंद," रेडिओ म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद पडला.

"बोल ना गं," आई म्हणाली. सुई तिने कापडात खोचून ठेवली होती. "मी ऐकतेय."

"न्यायालय म्हणतं, पहिलं भाषांतर चूक होतं. आपला हा शब्द या वहीत एकशे सदतीस वेळा आलाय. आपला मोठा, आपला मधला, आपली छोटी. प्रत्येक वेळी तो याच कुटुंबातल्या माणसासाठी आलाय. परक्यासाठी एकदाही नाही." तिने कानातलं यंत्र पुन्हा दाबलं. "या नोंदीच्या आठ महिने आधी वहीत लिहिलंय: आपला मधला, पँट, कंबर तीस, लांबी साडेएक्केचाळीस. कारखान्यातल्या नोंदीत कंबर चोवीस आहे. लांबी तीच. उपासमारीने माणसाची कंबर उतरते. पायाची लांबी उतरत नाही."

थोरल्याने बायकोचा हात चाचपडत शोधला.

"त्या आठवड्यात बाहेरून पाहणी समिती यायची होती. तिच्या टिपणात आहे की तिला नवी पँट घातलेला एकच तरुण कैदी दाखवण्यात आला. न्यायालय म्हणतं, आरोपीच्या हुकमाने, आरोपीच्या समोर, शिंप्याने त्या कैद्याचं माप घेतलं. कैदी हा त्याचा मुलगा होता. दोघांपैकी कोणीही ओळख दाखवली नाही, कारण दाखवली असती तर..." रेडिओने डोळे पुसले. "आजी, आता नाव घेतायत."

आणि परदेशातल्या त्या दालनात, काळ्या झग्यातल्या त्या बाईने मधल्याचं नाव घेतलं. पूर्ण. वडिलांचं, आडनावासकट. उच्चार वाकडा होता. एकतीस वर्षं कुठल्याच सरकारी कागदाने ते नाव लिहायला तयार होऊ नये आणि ते असं सगळ्या जगापुढे यावं, याने आईचा ऊर भरून आला. तिने काचेमागच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याला उभं राहायला सांगितलं होतं. तो उभा राहिला.

"सगळ्या आरोपांवर," रेडिओ म्हणाली, "दोषी. दोषी. दोषी. आजी, सगळ्यांवर दोषी!"

मग दुकानात जे झालं त्याला शिस्त अशी नव्हती. वहिनीने बेकरीवाल्याला मिठी मारली आणि मग कोणाला मारली ते लक्षात येऊन त्याला चांगल्या कपात चहा दिला. छोटीचा फोन वाजायचा थांबेना. बेकरीवाला पायरीवर जाऊन गल्लीत ओरडला, "लागला! सगळ्यांवर दोषी!" आणि समोरच्या, शेजारच्या, वरच्या दारांतून माणसं बाहेर आली. त्यातले कितीतरी जण कोट घालून आले होते. कोणाच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या, कोणाची कॉलर कसरीने खाल्लेली, आणि बहुतेकांच्या बाहीला चिठ्ठी. ते पायरीशी गोळा झाले आणि आत बघत राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरचे म्हातारे मास्तर म्हणाले, "शिंपीकाकांचं दुकान," आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या. साहेबांचा शिंपी हे नाव त्या गल्लीत त्यानंतर कोणी उच्चारलं नाही.

थोरला मात्र टेबलाशी तसाच उभा होता.

"मी त्यांना नको ते बोललो, आई. याच इथे उभं राहून."

"बोललास."

"त्यांनी सांगायचं तरी होतं."

"तू तेव्हा ऐकणारा होतास का?" आईने चष्मा काढला. "मलाही नाही सांगितलं. त्या दिवशी आले, हात धुतले आणि ती पँट कापायला बसले. हातशिलाईला माझ्याकडे दिली. बघते तर कंबर चोवीस, आणि आत दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच कापड सोडलेलं. मी म्हटलं, अहो, एवढं कापड आत कशाला? तर म्हणाले, भरला की सोडवायचं." तिने चष्मा पदराने पुसला. "तेव्हा कळलं मला, पँट कोणाची ते. मी काही विचारलं नाही. टाके बारीक घातले."

थोरला रडला. मोठ्याने, लहान मुलासारखा, गल्लीभर ऐकू जाईल असा. त्याची त्याला लाज वाटली नाही. आईने त्याला रडू दिलं आणि मग खांद्यावर थापटलं.

"बस झालं. शिक्षा ठरवायच्या आधी घरच्या माणसांना तिथे समोर बोलू देणार आहेत. पुढच्या महिन्यात. रेडिओ, बरोबर ना?"

"हो आजी. घरटी एक जण."

"मी जाणार होते. पण मी तोंड उघडलं तर शिव्याच निघतील. तू जा. तुला मोजून बोलता येतं."

"मी?"

"मग कोण? आणि या स्वेटरमध्ये जायचं नाही. आपल्या दुकानचा कोट घालून त्याच्यासमोर उभं राहायचं. असाच त्याच्या अंगावर होता एकेकाळी, कॉलर बघून ओळखेल. छोटी, टेप आण. आधी लावून बघ, शून्यापासून आहे ना."

जुनी वही अजून कोर्टात होती. आईने खणातून कोरी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि स्वतः पेन घेतलं. बँडवाल्यांचे कोट बाजूला सरकवले गेले. पायरीवरची माणसं आत वाकून बघत होती. आईने सावकाश लिहिलं, "आपला मोठा," आणि पुढे मापांसाठी जागा सोडली.

"छाती त्रेचाळीस," छोटी म्हणाली. "कंबर अडतीस."

"अहो, श्वास सोडा," वहिनी म्हणाली. "कोर्टाचं काम आहे, खरं माप येऊ द्या."

थोरल्याने श्वास सोडला.

"कंबर बेचाळीस," छोटी म्हणाली, आणि पायरीपर्यंत सगळे हसले. तिने टेप गळ्यात टाकली, खडू उचलला. "आई, आत कापड किती सोडू?"

"काही नको!" वहिनी म्हणाली. "आणखी किती भरायचंय यांना?"

"तीन इंच," आई म्हणाली. "दोन्ही बाजूंना."